मुका कॅनरी

माझ्याकडे एक पिवळा कॅनरी आहे आणि मी उर्दूच्या वर्गात इक्बाल यांची ‘परिंदे की फ़रियाद’ही शिकवते. दरवर्षी एखादे मूल विचारतेच, “टीचर, मग तुमच्या घरी पिंजरा कसा?”

प्रश्न रास्त आहे. कवितेतला पक्षी त्याच्या बागेतून पकडून आणलेला आहे. आपला पोपट, मुनिया, बुलबुल यांचेही तसेच, म्हणून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पकडणे, पाळणे गुन्हा आहे. कॅनरी मूळचा अटलांटिक महासागरातल्या बेटांचा. शेकडो वर्षांपूर्वी तो युरोपात गेला आणि तेव्हापासून त्याच्या पिढ्या पिंजऱ्यातच वाढल्या. मावळच्या रानात सोडला तर तो तगणार नाही. म्हणजे मोकळे करण्याचा सवाब माझ्या हातात नाही, सांभाळण्याची जबाबदारी आहे.

अबू उमैर नावाच्या लहान मुलाकडे एक छोटा पक्षी होता. प्रेषित मुहम्मद (स.) आपुलकीने त्याला त्या पक्ष्याबद्दल विचारत. या हदीसवरून अनेक उलेमांनी पक्षी पाळणे जायज मानले, मात्र दाणापाण्याची हयगय होता कामा नये. मांजर बांधून उपाशी मारणाऱ्या बाईला काय शिक्षा झाली, तीही हदीस आपल्याला ठाऊक आहे.

लोणावळ्यात ही जबाबदारी पावसाळ्यात कळते. भिंतींना ओल येते, राळ्याला बुरशी धरते. म्हणून दाणे थोडेच आणावे, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. पिंजरा वाऱ्याच्या झोतात आणि स्वयंपाकघराच्या धुरात नको. तळाचा कागद रोज बदलावा. चोच मारायला समुद्रफेस टांगावा.

वर्षातून एकदा कॅनरीची पिसे झडतात आणि गाणारा नर काही आठवडे मुका होतो. तो आजारीच असतो असे नाही. नवी पिसे यायला अंगातली ताकद लागते. तेव्हा उकडलेले अंडे, कोथिंबीर, पालक द्यावा आणि त्याला निवांत राहू द्यावे. याच दिवसांत पाहुणे विचारतात, “गात नाही? मग ठेवलाय कशाला?”

गाणे म्हणजे त्याने द्यायचे भाडे नव्हे. नीट सांभाळला तर कॅनरी दहा वर्षेही जगतो. विकत घेण्याआधी एवढेच स्वतःला विचारा: तो गप्प असेल त्या सकाळीही पाणी बदलायला तुम्ही तितक्याच लवकर उठाल का?