आखणी

प्रौढ वयात एडीएचडीची गोळी पहिल्यांदा घेणारी माणसे तिच्याबद्दल सांगताना बहुधा आवाजापासून सुरुवात करतात. डोक्यात एकाच वेळी लागलेले चार-पाच रेडिओ कुणीतरी बंद करावेत आणि एकच चालू राहावा, तशी ती शांतता असते. तिच्यात नशा नसते, फारसा आनंदही नसतो. समोर चहाची बशी दिसते, ती उचलून मोरीत नेली जाते, आणि वाटेत दुसरे कुठले काम सुरू होत नाही. इतक्या साध्या गोष्टीचे नवल वाटावे, यातच या विकाराचे स्वरूप आले.

एडीएचडी म्हणजे अवधानाची उणीव आणि अतिचंचलता. नाव थोडे फसवे आहे. अवधान भरपूर असते, ते हवे तिथे ठरत नाही. आवडीच्या कामात हाच माणूस पाच-पाच तास तहानभूक विसरतो, आणि विजेचे बिल मात्र तीन आठवडे शर्टाच्या खिशात राहते. मराठीत अशा माणसासाठी शब्दांचा तुटवडा कधीच नव्हता: वेंधळा, धांदरट, विसरभोळा, आरंभशूर. हे सगळे शब्द स्वभावाचे, म्हणून उपायही स्वभावाचेच सुचवले गेले. वही ठेव, शिस्त लाव, जरा मनावर घे. जगभरातल्या पाहण्यांनुसार शंभर प्रौढांत दोन-तीन जणांना हा विकार असतो. त्यांतल्या बहुतेकांनी मनावर घेऊन पाहिलेले असते.

पेण तालुक्यातल्या जोहे गावात ही अडचण नेमकी सांगणारा एक शब्द रोजच्या वापरात आहे. हमरापूर, जोहे, तांबडशेत या पट्ट्यात गणपतीचे कारखाने आहेत, आणि कारखान्यात आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणे. साच्यातून निघालेली मूर्ती सुकून, घासून, रंगून झाली की बारीक ब्रशाने भुवई, पापणी आणि बुबुळ येते. करंगळी मूर्तीच्या गालाला टेकते, श्वास रोखला जातो, रेघ एका दमात ओढली जाते. आखणीचा दुसरा अर्थ साऱ्या मराठी मुलखाचा: दिवसाची आखणी, कामाची, पैशांची. एडीएचडी असलेल्या माणसाला पहिली आखणी जमू शकते, कधी इतरांहून सरस जमते. घोडे अडते ते दुसरीपाशी.

मूर्तिकामाच्या वर्षात हा फरक स्पष्ट दिसतो. कामाचा शेवट भाद्रपद शुद्ध चतुर्थीला बांधलेला. 2024 मध्ये ती 7 सप्टेंबरला आली, 2025 मध्ये 27 ऑगस्टला; तारीख मागेपुढे होते, टळत नाही. श्रावणात कारखान्यांचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात तेव्हा सगळेच धावत असतात, आणि त्या गर्दीत असा माणूस वेगळा ओळखू येत नाही. उलट तोंडावर आलेल्या तारखेने त्याचा हात चालू लागतो. परीक्षा असते फाल्गुन-चैत्रात. साचे साफ करायचे, न रंगवलेला कच्चा माल घासायचा, ऑर्डरी वहीत उतरवायच्या, कुणाची किती उधारी ते लावायचे. चतुर्थी अजून लांब असते, मागे लागणारे कुणी नसते, आणि वही पहिल्या चार पानांनंतर कोरी राहते. औषधाची गरज असलीच तर ती या महिन्यांत असते.

औषधांचा इतिहास मुलांपासून सुरू होतो. 1937 मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी त्यांच्या रुग्णालयातल्या 30 मुलांना बेन्झेड्रिन हे अँफेटामिन जातीचे औषध दिले. हेतू तपासणीनंतरची डोकेदुखी कमी करण्याचा होता. डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही, पण जवळपास निम्मी मुले वर्गात बसून अभ्यास करू लागली. मुलांनी गोळ्यांचे नाव ठेवले: गणिताच्या गोळ्या. 1944 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीत लिआंद्रो पानिझ्झोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. त्यांनी स्वतः घेऊन पाहिले तेव्हा विशेष काही जाणवले नाही. पत्नी मार्गेरिट टेनिस खेळण्याआधी ते घेई आणि तिला फरक वाटे. तिच्या रीटा या लाडक्या नावावरून औषध 1954 मध्ये रिटालिन म्हणून बाजारात आले. मुले मोठी झाली की हा विकार आपोआप सुटतो, असा समज त्यानंतरही बरीच वर्षे टिकला. 2013 च्या अमेरिकी निदानसूचीने प्रौढांसाठी लक्षणांची अट सहावरून पाचवर आणली; काही लक्षणे लहानपणीच दिसलेली असावीत, ही अट मात्र ठेवली, फक्त तिची वयोमर्यादा सातवरून बारा वर्षांवर नेली.

गोळी काय करते, हे समजायला पेणच्या खारेपाटातली उघाडी उपयोगी पडते. खाडीच्या बांधात बसवलेल्या या झडपेतून शेतातले पाणी बाहेर सोडता येते किंवा आत अडवता येते. मेंदूत एका पेशीने दुसरीकडे धाडलेले डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन ही रसायने काम झाले की परत ओढून घेतली जातात. मेथिलफेनिडेट ती परतीची वाट काही काळ अडवते. रसायन पेशींमधल्या फटीत थोडे अधिक रेंगाळते, आणि कपाळामागचा जो भाग काम निवडतो, धरून ठेवतो व मोह आवरतो, तिथे ओल टिकते. साधी गोळी तीन-चार तास चालते. हळूहळू विरघळणारी आठ ते बारा तास. मग झडप उघडते.

म्हणून गोळी घेणाऱ्याच्या दिवसाला भरती-ओहोटी असते. सकाळची भरती अर्ध्या-पाऊण तासात येते. दुपारी डबा उघडायचा राहतो: तांदळाची भाकरी आणि वालाचे बिरडे समोर असूनही भूक लागलेलीच नसते. काही महिन्यांत पट्टा एक भोक आत जातो. अनुभवी माणसे म्हणून गोळीच्या आधी पोटभर न्याहारी करतात आणि दुपारी भुकेची वाट न पाहता घड्याळ पाहून जेवतात. तोंड कोरडे पडते, नाडी थोडी जलद होते, रक्तदाब किंचित चढतो. सुरुवातीआधी आणि नंतर अधूनमधून डॉक्टर या दोन्ही गोष्टी मोजतात, हृदयविकाराची चौकशी करतात, आणि मात्रा लहान ठेवून पायरीपायरीने वाढवतात. संध्याकाळची ओहोटी घरच्यांच्या वाट्याला येते. दिवसभर शांत असलेला माणूस सातच्या सुमारास उगाच चिडतो, टीव्हीचा आवाज त्याला सहन होत नाही, किंवा तो गळून बसतो. गोळी उशिरा घेतली तर झोप उडते. मात्रा जास्त झाली तर वेगळेच होते: बोलणे आटते, विनोद सुचत नाहीत, आणि घरचे म्हणतात, आता काम करतोस, पण तू आमचा राहिला नाहीस. ही तक्रार डॉक्टरांपर्यंत जायला हवी. बहुधा तिचे उत्तर मात्रेत किंवा औषधाच्या प्रकारात सापडते.

औषध लागू पडले की दिलाशाच्या पाठोपाठ शोक येतो, आणि त्याची कल्पना फार थोड्यांना आधी दिलेली असते. चाळिशीतल्या माणसाला एका सकाळी कळते की इतरांचा दिवस असा असतो. मग मागचे सारे आठवते: अर्धवट सोडलेला कोर्स, तुटलेली नोकरी, बापाचे टोमणे, स्वतःला दिलेल्या शिव्या. बायकांच्या बाबतीत निदान अनेकदा मुलाच्या निमित्ताने होते. जुळ्यांच्या अभ्यासांत या विकारातला आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के आढळतो. मुलाच्या तपासणीत आई एकेका प्रश्नाला उत्तर देत जाते आणि मध्येच थांबते, कारण ते वर्णन तिचे असते. तिचा गोंधळ उतू गेलेल्या दुधात आणि हरवलेल्या किल्ल्यांत लपून गेलेला असतो. वर्गात ती दंगा करत नव्हती, खिडकीबाहेर पाहत होती, म्हणून तिच्याकडे कुणाचे लक्ष गेले नाही.

भारतात ही गोळी मिळवणे हाच एक अनुभव आहे. मेथिलफेनिडेट 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आहे आणि औषध नियमांच्या एक्स अनुसूचीतही. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपायची असते, औषध कुलपात ठेवायचे असते आणि दुकानाला त्यासाठी वेगळा परवाना लागतो. त्यामुळे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ती सहसा नसते. जोह्याच्या माणसाला पेणला मिळाली नाही तर पनवेल, तिथे नाही तर ठाणे. काउंटरवर चिठ्ठी उलटसुलट वाचली जाते, वयाकडे पाहिले जाते, किल्ल्यांचा जुडगा आतून येतो. अमेरिकेतल्या मराठी घरांत परिचित असलेले ॲडरॉल हे एडीएचडीचे औषध भारतात विकलेच जात नाही. सुट्टीवर येणाऱ्याला पुरेल इतका साठा आणि डॉक्टरांचा कागद बरोबर ठेवावा लागतो.

या साऱ्या व्यवस्थेत एक विसंगती आहे. तारीख लक्षात ठेवणे, कागद सांभाळणे, गोळ्या संपायच्या आठवडाभर आधी हालचाल करणे, रांगेत शांत उभे राहणे: गोळी मिळवायला जे लागते, तेच देण्यासाठी ती गोळी असते. घरीही तेच. सकाळी घेतली की नाही, हे दहा वाजता आठवत नाही, आणि खात्री नसताना दुसरी घेणे धोक्याचे. म्हणून वारांचे खण असलेली डबी, दात घासायच्या ब्रशाशेजारी तिची जागा, आणि चिठ्ठीची तारीख ठाऊक असलेले घरातले दुसरे माणूस, हा उपचाराचाच भाग ठरतो.

ज्यांना मेथिलफेनिडेट सोसत नाही किंवा मिळत नाही, त्यांच्यासाठी ॲटोमॉक्सेटिन असते. अमेरिकेत त्याला 2002 मध्ये मान्यता मिळाली. ते उत्तेजक नाही, भारतात साध्या चिठ्ठीवर मिळते, आणि त्याच्यात रोजची भरती-ओहोटी नसते. परिणाम दिसायला मात्र चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मळमळ आणि कोरडे तोंड एवढेच हाती येते, आणि उतावळ्या माणसाला एवढी वाट पाहणे जड जाते. पुष्कळ जण तिसऱ्या आठवड्यात डबी कपाटात टाकतात.

कुठलेही औषध काय पाहावे हे सांगत नाही. गोळी घेऊन मोबाइल उघडला तर तीन तास एकाग्रतेने मोबाइलच पाहिला जातो. म्हणून पहिल्या तासात हातात काय असेल, हे आदल्या रात्री ठरवून ठेवावे लागते. मोठ्या कामाचे तुकडे करणे, यादी डोळ्यांसमोर भिंतीवर लावणे, कुणाला तरी शेजारी बसवून हिशोब करणे, या सवयी समुपदेशनातून शिकाव्या लागतात. जिल्ह्याबाहेर जाणे जमत नसेल तर सुरुवातीची विचारपूस 14416 या टेलिमानस क्रमांकावर मराठीतून करता येते. निदान आणि चिठ्ठी मानसोपचारतज्ज्ञाकडूनच घ्यावी लागते.

विसर्जन झाले की कारखाने रिकामे होतात. फळ्यांवर धूळ आणि सांडलेला रंग उरतो, साचे तेलाचा हात फिरवून ठेवायचे असतात, व्यापाऱ्यांकडची बाकी लिहून काढायची असते. पुढची चतुर्थी वर्षभर लांब असते. औषध लागू पडले आहे की नाही, ते या दिवसांत कळते: साचे पुसलेले असतात, आणि वहीचे पाचवे पान भरलेले असते.