टेन्शनची डबी

पूर्वी घरात ‘काळजी’ असायची. ती आजीच्या ताब्यात असे आणि तिच्यावरचा उतारा म्हणजे आजीची मिश्री. पुढे काळजी चार बुकं शिकली, शहरात गेली आणि तिचं ‘टेन्शन’ झालं. टेन्शन आलेल्या माणसाला दोन हक्क आपोआप मिळतात: घरच्यांवर खेकसायचा आणि कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत जाऊन यायचा.

आमचे साडूभाऊ दोन्ही हक्क इमानेइतबारे बजावतात. नोकरी होती तेव्हा नोकरीचं टेन्शन म्हणून तंबाखू. निवृत्त झाल्यावर नोकरी नसल्याचं टेन्शन म्हणून तंबाखू. मुलीचं लग्न जमेना तेव्हा एक बार, जमलं तेव्हा दोन! “अहो, डोकं शांत होतं,” म्हणतात.

डॉक्टरांचा हिशेब निराळा आहे. निकोटीनची सवय लागली की ते अंगातून उतरताना चिडचिड आणि बेचैनी होते. पुढचा बार तेवढीच शमवतो आणि आपल्याला वाटतं, टेन्शन गेलं. म्हणजे आग लावणारा तोच आणि बंब घेऊन धावणाराही तोच! दारूचंही तसंच. रात्री झोप उसनी देते आणि पहाटे व्याजासकट वसूल करते. वर सकाळची उदासी फुकट.

गेल्या थंडीत साडूभाऊ डहाणूला आमच्याकडे आले. वारली चित्रं पाहायला त्यांना गंजाडला नेलं. त्यांनी आधी ताडीची चौकशी केली. ऊन चढेल तशी ताडी आंबत जाते, एवढं ताडीवाल्यानं सांगितलं. टेन्शनसाठी वेगळी ताडी तो उतरवत नव्हता.

मग मी त्यांना जिव्या सोमा म्हशे यांची हकिगत सांगितली. ते इथलेच, गंजाडचे. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्यानं पोराचं बोलणंच बंद झालं. मनातलं सांगायला तो धुळीत चित्रं काढू लागला, असं सांगतात. पुढे त्याच हातांनी वारली चित्रं लग्नघराच्या भिंतीवरून कागदावर आणि परदेशात नेली. २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते गेले.

“दुःख कुठंतरी उतरवावं लागतं हो,” मी म्हटलं. “नाहीतर ते डबीत जाऊन बसतं. पुण्याचं ‘मुक्तांगण’ १९८६ सालापासून व्यसनी माणसांना बोलतंच करतंय. आता सरकारचा ‘टेलि-मानस’चा १४४१६ नंबरही आहे. फोन करा, बोला.”

साडूभाऊ बराच वेळ भिंतीवरच्या तारपा नाचाकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “आमचा धाकटा गेला ना, त्या वर्षी ही डबी घेतली मी.”

भाऊ गेल्याचं आम्हाला ठाऊक होतं. पण वीस वर्षांत त्यांच्या तोंडून त्याचं नाव कधी आलं नव्हतं. त्या दिवशी त्याचं पोहणं, त्याची सायकल, त्याचं शेवटचं आजारपण, सगळं आलं.

मी हळूच घड्याळ पाहिलं. पाऊण तास झाला होता आणि डबी खिशातच होती. आमच्या सासुरवाडीच्या इतिहासात हा विक्रम आहे.