देऊळघाटच्या ओसरीवरची सलाई

विदर्भ म्हटले की लोकांना उन्हाळाच आठवतो. आमच्या बुलढाण्याच्या थंडीवर अकोल्याच्या पाहुण्यांचा विश्वास बसत नाही. पण हे शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले आहे. जानेवारीत फजरच्या नमाजला वजू करताना पाणी अक्षरशः चावते. त्या दिवशीही असेच गार होते आणि आम्ही दोघी शिक्षिका शाळा सुटल्यावर अजिंठ्याच्या बाजूला जाणाऱ्या एस.टी.त बसलो. जायचे होते देऊळघाटला, माफी मागायला.

अंतर फार नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हरभरा घाटे धरत होता, तुरीच्या पेंढ्या बांधावर रचून ठेवलेल्या होत्या. पैनगंगा इकडे अजून लहान मुलीसारखी आहे. पुढे हीच नदी विदर्भ आणि मराठवाडा यांच्यामधली हद्द होते आणि वर्धेला जाऊन मिळते, हे मुलांना नकाशात दाखवले तर खरे वाटत नाही. गावाच्या नावात देऊळ आहे, घाट आहे, आणि गल्लीत शिरल्यावर कानावर पडते ती दखनी. आम्हाला हे नाव असेच आवडते.

माफीचे कारण एका पिशवीत होते. नववीच्या वर्गात मराठीचा तास चालू असताना तिसऱ्या बाकावरची एक मुलगी खाली मान घालून बसली होती. धड्याचे पान उघडे, पण हात बाकाखाली. आम्ही जाऊन पाहिले तर दोन सलाया आणि पिस्ता रंगाची लोकर! शिस्त म्हणजे शिस्त. आम्ही विणकाम काढून घेतले आणि कपाटात ठेवले. मुलगी काही बोलली नाही, फक्त तिचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणीने सांगितले, “मॅडम, ते तिचं नाही. नानीचं आहे. परवा अकीका आहे.”

आम्हाला घरी घोटभर पाणीही गोड लागले नाही. अकीका सातव्या दिवशी. बाळाचे जावळ उतरवतात, त्या केसांच्या वजनाची चांदी खैरात करतात. पण त्या बोडक्या डोक्याला जानेवारीच्या वाऱ्यात टोपी लागते आणि अंगाला स्वेटर, याचा विचार घरातली म्हातारी बाईच करते. तो स्वेटर आमच्या कपाटात कुलूपबंद!

नानी ओसरीवर उन्हाची शेवटची तिरीप पकडून बसल्या होत्या. आम्ही सलाम केला, पिशवी पुढे ठेवली आणि जे बोलायचे पाठ करून आलो होतो ते अडखळत बोललो. नानी हसल्या. “उस्तानीजी, आपने तो ठीकच किया. सबक के वक्त सबक.” मग त्यांनी स्वेटर मांडीवर घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला. बघितले नाही, फिरवला. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. टाका निसटला तर तो त्यांना बोटाला कळतो, पण उचलायला दिसत नाही. उचलायचे काम नातीचे. ती बाकाखाली तेच करत होती. निसटलेला टाका चार ओळी खाली गेला होता आणि घरी दिवाबत्तीची अडचण.

नानींचे सगळे हत्यार एका बिस्किटाच्या डब्यात. 10 नंबरच्या सलाया अंगासाठी, 12 नंबरच्या काठासाठी. नवशिक्यांनी लक्षात ठेवावे, आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी सलाई बारीक. मोज्यांसाठी सायकलच्या तारा घासून केलेल्या चार सुया. आणि दोन वाट्या, एकीत चिंचोके. एक नक्षीची ओळ झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. वही नाही, पेन नाही. बाळाचा स्वेटर म्हणजे चारपदरी लोकरीत पुढे-मागे 64-64 टाके, त्यावर पानांची जाळी, आणि ही सगळी जाळी डोक्यातही नाही, बोटांत! आम्ही विचारले, “नानी, हे पान कसं घालता?” त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच टाक्याला थांबल्या. “मुँह से नहीं आता बेटा. हाथ को पूछो.”

ही गोष्ट आम्हाला लागली. डोळ्यांचे ऑपरेशन आज होऊ शकते, इन्शाअल्लाह होईल. पण हात थांबले तर ते पान कोणाला विचारायचे? नातीला टाके उचलता येतात, नक्षी येत नाही.

म्हणून त्या संध्याकाळी, आणि पुढचे दोन रविवार, आम्ही देऊळघाटची शाळा भरवली. विद्यार्थिनी आम्ही. गणिताची चौकटीची वही घेतली. एक चौकट म्हणजे एक टाका. सुलट टाका असेल तर चौकट कोरी, उलट असेल तर आडवी रेघ, धागा पुढे घेऊन भोक पाडले तर गोल, दोन टाके एकत्र विणले तर तिरपी रेघ. नानी जाड, फिक्या रंगाच्या लोकरीवर 8 नंबरच्या सलाईने सावकाश विणत, आम्ही लिहीत.

इथे एक गंमत कळली, ती आम्हा उर्दू-मराठी दोन्ही शिकवणाऱ्यांसाठी जणू राखून ठेवलेली होती. विणकामाचा आराखडा खालच्या उजव्या कोपऱ्यातून वाचायचा असतो. उजव्या हाताने विणणारीची सुलट ओळ उजवीकडून डावीकडे सरकते, अगदी उर्दूसारखी. कापड उलटे केले की पुढची ओळ आराखड्यावर डावीकडून उजवीकडे, मराठीसारखी. म्हणजे एक ओळ उर्दू, एक ओळ मराठी! नातीला हे सांगितले तेव्हा ती इतकी हसली की नानी आतून “क्या हुआ, क्या हुआ” करत आल्या.

पहिल्या रविवारी घरी जाऊन आम्ही आमच्याच वहीवरून तुकडा विणला. दिसायला छान होता. दुसऱ्या रविवारी मोठ्या ऐटीत नानींच्या हाती दिला. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, “ये पत्ता एक तरफ से सोया हुआ है.” वहीत सगळे बरोबर आणि पान चूक! पुन्हा त्यांचे हात बारकाईने पाहिले तेव्हा उलगडा झाला. दोन टाके नुसते एकत्र विणले तर जोड उजवीकडे झुकतो. पानाची दुसरी कड डावीकडे झुकायला हवी, त्यासाठी नानी एक टाका न विणता उचलत, पुढचा विणत, आणि उचललेला त्याच्यावरून काढून टाकत. आमच्या वहीत दोन्हींना एकच तिरपी रेघ होती. आता दोन रेघा केल्या, एक इकडे झुकलेली, एक तिकडे. बाकी हिशेब सोपा. जितके टाके जोडून कमी केले तितकेच भोके पाडून वाढवायचे, मग ओळीतली संख्या ढळत नाही.

आमचा तुकडा उसवताना नानींनी सूरह नहलचा उल्लेख केला. मेहनतीने कातलेले सूत स्वतःच तोडून टाकणाऱ्या बाईचा दाखला त्या सूरहमध्ये आहे, तो दिलेल्या शब्दाबद्दल आहे. नानी म्हणाल्या, “मैं वो औरत नहीं हूँ. मैं तो फिर से बनाने के लिए उधेड़ती हूँ.” त्याच सूरहमध्ये जनावरांची लोकर, केस यांतून माणसाला मिळणाऱ्या सामानाचाही उल्लेख आहे, हे आम्ही मग नातीला मुसहफ उघडून दाखवले.

बोलता बोलता विषय निघाला की हे विणकाम आपल्याकडे कुठून आले. नानी एका नर्सबाईंकडून शिकल्या, म्हणून त्यांना ते इंग्रजांचे वाटते. आम्ही सांगितले, दोन सलायांच्या विणकामाचे जगातले सर्वांत जुने तुकडे मिळाले आहेत ते मिसर देशात, मुसलमानी अमदानीतले, साधारण अकराव्या ते चौदाव्या शतकांमधले. सुती, निळ्या-पांढऱ्या रंगांचे मोजे. त्यांतल्या काहींवर कुफी लिपीत अल्लाहचे नाव नक्षीसारखे विणलेले आहे. नानींचा हात थांबला. “पाँव में? तौबा!” आम्हालाही पहिल्यांदा वाचून असेच झाले होते. विणणाऱ्याच्या मनात काय होते कोण जाणे, आपण मात्र ते करणार नाही, यावर एकमत झाले.

दुसरी गोष्ट मात्र त्यांना फार आवडली. स्पेनमधल्या बुर्गोस शहराजवळच्या मठात 1275 साली वारलेल्या राजपुत्र फर्नांदोच्या कबरीत रेशमी विणलेली उशी सापडली. राजपुत्र ख्रिस्ती, विणणारे हात मुसलमान कारागिरांचे मानले जातात, आणि उशीच्या काठावर अरबीत बरकतीची दुआ. त्या उशीत एका इंचात सुमारे 20 टाके आहेत. नानींच्या स्वेटरात आम्ही मोजले, 7. नानी म्हणाल्या, “उनकी आँखें अच्छी होंगी.”

आता ज्या भगिनींना हात शिवशिवू लागला असेल त्यांच्यासाठी थोडे कामाचे. पहिलेच काम स्वेटर घेऊ नका. आम्ही घेतला होता, बीएडच्या वर्षी. नमुना विणून माप न घेता एकदम सुरुवात केली आणि भावासाठी विणलेला स्वेटर शेजारच्या दहा वर्षांच्या मुलाला बसला.

क्रोशाची टोपी घ्या, सुती दोऱ्याची. घरात रोज लागते, चार संध्याकाळींत होते. साखळीच्या कड्यात 6 मुके खांब, पुढच्या फेरीत 12, मग 18, मग 24, असे दर फेरीला 6 वाढवत गोल चकती करायची. चकती वाटीसारखी वळू लागली तर वाढ कमी पडते आहे, झालरीसारखी लाटा मारू लागली तर जास्त होते आहे. किती मोठी करायची? डोक्याचा घेर 56 सेंटीमीटर असेल तर त्याला 3.14 ने भागा, 18 च्या आसपास येते. टोपी ताणते म्हणून साडेसोळा-सतरावर थांबा. मग न वाढवता सहा-सात सेंटीमीटर भिंत उभी करा. मुलांना वर्तुळाचा परिघ शिकवायला याहून चांगले साधन आम्हाला अजून सापडलेले नाही.

त्यानंतर जुजदान. कुरआन शरीफच्या रुंदीत जाडी मिळवली की पिशवीची रुंदी आली. क्रोशा ताणतो, म्हणून जास्त सैल ठेवू नका, आणि आतून सुती अस्तर द्या. नक्षी कुठून आणायची हा प्रश्न नको. औरंगाबादला गेलात तर बीबी का मकबऱ्याच्या संगमरवरी जाळीसमोर चौकटीची वही घेऊन बसा. फक्त एक ध्यानात ठेवा, सलाईच्या विणीत टाका चौकोनी नसतो, रुंद जास्त आणि उंच कमी असतो. पाच टाक्यांच्या रुंदीला साधारण सात ओळी लागतात. आम्ही चौकटीत सुरेख उभा काढलेला मिनार विणल्यावर बसका हौद झाला होता.

उरलेल्या लोकरीच्या गोळ्यांचे चौकोन करा. मैत्रिणींनी प्रत्येकी काही केले तर रजई होते. चेन्नईला 31 जानेवारी 2016 रोजी देशभरातल्या आणि परदेशातल्या क्रोशा विणणाऱ्या बायकांनी आपापले तुकडे जोडून 11,148.5 चौरस मीटरची गोधडी पसरली, तिची तेव्हा गिनीज बुकात नोंद झाली होती. आपली एका पलंगाची झाली तरी चालेल.

नानींना आम्हीही तो ठरलेला सल्ला दिला होता. बचत गट काढा, विक्री करा. त्यांनी विचारले, “मशिदीजवळच्या दुकानात मशीनची टोपी कितीला मिळते?” आम्ही किंमत सांगितली. “आणि माझ्या चार संध्याकाळी?” आमच्याकडे उत्तर नव्हते. ज्यांना विकून घर चालवायचे आहे त्यांनी जरूर विकावे. पण घरातल्या बाईच्या प्रत्येक छंदाला लगेच धंदा करायला लावायची आपली घाई आम्हाला आता खटकू लागली आहे. पुरुष कबुतरे पाळतात, त्यांना कोणी बचत गट काढा म्हणत नाही.

अकीका वेळेवर झाला. गळ्याची पट्टी आदल्या रात्री बारापर्यंत चालली होती, असे नात सांगत होती. स्वेटर बाळाला मोठा झाला, बाह्या दुमडाव्या लागल्या. “बढ़ेगा ना,” नानी म्हणाल्या.

वही आता नातीकडे आहे. त्यात पान, जवाची लोंबी आणि एक नक्षी जिला नानी नुसते “अम्मा वाली” म्हणतात, अशा तीन जाळ्या उतरल्या आहेत. अजून किती शिल्लक आहेत असे विचारले तर नानी बोटे मोजतात आणि मध्येच विसरतात. ऑपरेशनला त्या तयार नाहीत. आधी नातीला सगळे शिकवून होऊ दे, म्हणतात. आम्ही म्हणतो आधी ऑपरेशन, मग शिकवा, चुका दिसतील तरी. हा वाद अजून मिटलेला नाही. नात कोणाच्याच बाजूने बोलत नाही, ती विणत बसते. मराठीच्या तासाला मात्र आता तिचे हात बाकावर असतात. पिशवी ती स्वतःच आमच्या टेबलावर आणून ठेवते आणि तास संपला की घेऊन जाते.