हसू का आले नाही?

युद्धावर विनोद करणे सोपे नाही. ज्या घरातला माणूस सीमेवर असतो, त्या घराला युद्ध म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आणि आपल्या वस्त्यांत अशी घरे थोडी नाहीत. १९१७ मध्ये उभी राहिलेली १११ महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली. पुढे बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. कितीतरी घरांत महिन्याचा पहिला ठरलेला पैसा आला तो फौजेच्या मनीऑर्डरीनेच.

म्हणून फौजेवरचा विनोदी चित्रपट म्हटला की आपण मोठ्या आशेने बसतो. फराज हैदर यांचा ‘वॉर छोड ना यार’ हा हिंदी चित्रपट २०१३ साली आला, तेव्हा भारतातला पहिला युद्ध-विनोदपट अशी त्याची जाहिरात झाली होती. शर्मन जोशी भारताचा कॅप्टन, जावेद जाफरी पाकिस्तानचा, आणि सोहा अली खान वार्ताहर. कल्पना चांगली आहे. समोरासमोरच्या चौक्यांतले जवान पत्ते खेळतात, अंताक्षरी लावतात. लढाई ठरवतात ते मात्र दूर बसलेले पुढारी.

मध्यंतरी एका रविवारी मुलांनी तो घरी लावला. भावसिंगपुऱ्याहून मामाही आले होते. मामा महार रेजिमेंटमधून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. सगळे घर टीव्हीपुढे बसले. चहा दोनदा झाला, शेंगा संपल्या, पण हसू काही फुटेना. धाकट्याने तर मध्येच मोबाईल काढला.

मी मामांना विचारले, “मामा, फौजेत तुम्ही हसायचे की नाही?”

“हसायचो की रे! हसल्याबिगर दिवस जातो का तिथं? पण आम्ही हसायचो आमच्याच डाळीवर, आमच्याच बुटावर. समोरच्याचं ताट रिकामं हाय म्हणून हसायला काय येतं?”

मामांनी नेमके बोट ठेवले. या चित्रपटात पलीकडच्या जवानांना धड खायला मिळत नाही, याच गोष्टीवर पुन्हा पुन्हा विनोद केला आहे. ज्याने घरात रिकामा डबा पाहिला आहे, त्याला यात हसण्यासारखे काही सापडत नाही. जवानही माणूसच, मग तो कोणत्या का बाजूचा असेना, असे हा चित्रपट सांगू पाहतो आणि त्याच माणसाच्या भुकेची थट्टा करतो.

भुकेवर विनोद होत नाही असे मात्र नाही. चार्ली चॅप्लिनने ‘द गोल्ड रश’ या १९२५ च्या चित्रपटात भुकेपोटी बूट शिजवून खाल्ला आणि जग हसले. पण तिथे उपाशी तो स्वतःच होता. त्याआधी, पहिले महायुद्ध संपण्याच्या थोडे आधी, ऑक्टोबर १९१८ मध्ये त्याचा ‘शोल्डर आर्म्स’ हा मूकपट आला. त्यात चार्ली खंदकातला साधा शिपाई आहे. झोपायच्या जागी पाणी भरलेले, तरी तो त्यातच झोपतो. डाक येते, सगळ्यांना पत्रे मिळतात, त्याला काहीच नाही. मग तो दुसऱ्याच्या खांद्यावरून त्याचे पत्र वाचू लागतो. त्या पत्रातल्या आनंदाने हा आनंदतो, काळजीने हा काळजीत पडतो.

मुलांना तो प्रसंगही दाखवला. शंभराहून अधिक वर्षांचा जुना, आवाज नाही, रंग नाही. तरी पोरे खळखळून हसली. मामी मात्र हसता हसता गप्प झाल्या. पोस्टमनची वाट त्यांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. आंतरदेशीय पत्र आले नाही की त्या आठवड्यात घशाखाली घास उतरत नसे, असे त्या म्हणाल्या.

दोन्ही चित्रपटांतला फरक मला इथेच दिसला. दुःखात उभा राहून केलेला विनोद टिकतो. काठावर बसून केलेला टिकत नाही.

वाचकहो, आपल्या घरांत असे फौजी मामा, काका, आजोबा आहेत. लंगरचे, रजेचे, पत्रांचे त्यांचे किस्से चित्रपटवाल्यांना माहीत नाहीत. मुलांना वही देऊन त्यांच्याजवळ बसवा आणि ते उतरवून घ्या. निखळ हसूही त्यात मिळेल, आणि युद्धाची खरी किंमतही.