दांड्यातली बरणी आणि माझं नवं वेड

खार स्टेशनहून रिक्षा पकडा, 'दांडा' म्हणा. वाळत्या बोंबलांचा वास बाकीचा पत्ता सांगेल! तिथे मैत्रिणीकडे निळ्या वेलबुट्टीची जुनी बरणी दिसली आणि मी फिदा! आजी म्हणाल्या, "माझ्या सासूची हाय ती. मीठ तिच्यातच ऱ्हातं."

मग शोध सुरू. 1870 च्या दशकात, जॉर्ज टेरींच्या काळात, आपल्या जे. जे. स्कूलमध्येच अजिंठ्याच्या नक्षीची पॉटरी घडायची! ती भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या संग्रहात आहे. चोर बाजारात घ्यायची तर आधी भांडं उलटं करा. बुडाची झीज आणि शिक्का तपासा. मात्र कुणाच्या स्वयंपाकघरात नांदणारी बरणी दिसली, तर मनसोक्त बघा, भाव विचारू नका.