अर्ध्या तिकिटाचा पूर्ण प्रवास

जबलपूरच्या कमानिया गेटपाशी सकाळपासून रात्रीपर्यंत वर्दळ असते. 1939 साली जवळच्या त्रिपुरीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, सुभाषबाबू अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्या अधिवेशनाच्या स्मरणार्थ ही कमान उभी राहिली. आज तिच्याखालून रिक्षा, स्कूटर आणि लग्नाच्या खरेदीला निघालेल्या बायका जातात. शेजारी सराफा, पुढे बडा फुहारा आणि मध्ये कुठेतरी खव्याच्या काळसर जलेबीचा घमघमाट. या भागात मराठी घरंही आहेत. कुणाचे पूर्वज भोसल्यांच्या अमदानीत आले, कुणी रेल्वेत, तर कुणी 1904 साली सुरू झालेल्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीसाठी.

अशाच दोन घरांतल्या दोन बायका. थोरली एकसष्ट वर्षांची, चार वर्षांपूर्वी पती गेलेले, मुलगा पुण्यात. धाकटी चोपन्नची, घरात नवरा आणि चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. तीस वर्षांचा शेजार. हळदीकुंकू, लोणच्याच्या कैऱ्या, दवाखान्याच्या खेपा, सगळं बरोबरीनं केलेलं. तरी धाकटी थोरलीला ‘ताई, तुम्ही’ असंच म्हणायची.

दोघींनी प्रवास केला नव्हता असं नाही. पण तो लग्नमुंजींचा, आजारपणाचा किंवा देवदर्शनाचा. तिकीट दुसऱ्यानं काढायचं, डबा आपण भरायचा आणि गाडी कुठे थांबणार हे पुरुषांना विचारायचं!

लेकीनं दिलेली युक्ती

ठिणगी पडली ती धाकटीच्या लेकीमुळे. बंगळूरला नोकरी करणारी ही मुलगी नोकरी बदलताना मधल्या सहा आठवड्यांत एका मैत्रिणीबरोबर दक्षिण अमेरिकेला गेली. पाठीला सॅक बांधून दोघी पेरूतल्या लिमाहून निघाल्या आणि बसनं किनाऱ्याकिनाऱ्यानं उत्तरेकडे सरकत राहिल्या. मांकोरा नावाच्या समुद्रकाठच्या गावी पोहोचायला अठरा-वीस तासांची बस. मग सरहद्द ओलांडून इक्वेडोर. तिथलं माँतान्यिता हे असंच वाळूवर वसलेलं गाव, तरुण प्रवाशांनी गजबजलेलं. इक्वेडोरमध्ये 2000 सालापासून अमेरिकन डॉलरच चालतो, हेसुद्धा लेकीनं आईला फोनवर सांगितलं.

आईचा जीव टांगणीला लागला होता. ती रोज विचारायची, “पुढचा मुक्काम कुठे?” आणि रोज तेच उत्तर यायचं, “ठरलं नाही गं. रात्री दोघी बसून ठरवू.”

हे ‘दोघी बसून ठरवू’ धाकटीच्या मनात रुतून बसलं. एके दिवशी भाजी घेऊन परतताना तिनं कमानिया गेटपाशीच थोरलीला विचारलं, “ताई, आपण असं गेलो तर?”

थोरली हसली नाही. म्हणाली, “पेरूला नको. पण समुद्र मला पाहायचाय. गाडीच्या काचेतून नाही, सावकाश.”

जबलपूरच्या माणसाला पाण्याचं अप्रूप नाही. ग्वारीघाटाची नर्मदा, भेडाघाटचा धुवांधार, सारं दाराशीच. सुमारे 1,300 किलोमीटर वाहत नर्मदामाई भरुचजवळ अरबी समुद्राला मिळते. परिक्रमावासी तिच्या मुखाशी नावेतून पलीकडे जातात. पण जन्मभर ‘नर्मदे हर’ म्हणणाऱ्या कितीतरी बायकांनी ती जिथे जाते तो समुद्र पाहिलेला नसतो. सासूबाईंनीही पाहिला नव्हता.

घरोघरी चर्चा झाली. थोरलीचा मुलगा प्रेमळ. तो म्हणाला, “आई, विमानानं गोव्याला जा. हॉटेल, टॅक्सी सगळं मी करून देतो.” थोरलीनं त्याला समजावलं, “बाळा, तू दिलंस की ते तुझं ठरलेलं होतं. मला माझं ठरवायचंय.” धाकटीच्या नवऱ्याला प्रश्न पडला तो चहाचा आणि आईच्या गोळ्यांचा. एका नातेवाइकानं ‘या वयात हे शोभतं का?’ असंही विचारलं. पण ज्यांच्या नकाराची सगळ्यांना खात्री होती, त्या सासूबाई म्हणाल्या, “जाऊ दे तिला. माझं मी पाहीन. समुद्राचं पाणी खरंच इतकं खारट असतं का, ते मात्र चाखून सांग.”

दोघींनी प्रत्येकी 15,000 रुपये काढले. थोरलीनं मुदत ठेवीच्या व्याजातून आणि धाकटीनं शिवणाच्या कमाईतून.

‘दोन अर्धी द्या!’

फेब्रुवारीत त्या गरीबरथनं मुंबईला उतरल्या. गेटवेहून लाँचनं मांडवा आणि तिथून अलिबाग. ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत चालत जाता येतं, हे ऐकून थोरलीनं साडी वर खोचली आणि ओल्या वाळूतून चालायला सुरुवात केली. किल्ल्यातून परततानाही ती भरतीची वेळ दोनदा विचारून घेत होती.

दुसऱ्या दिवशी त्या मुरूडला जाणाऱ्या एसटीत बसल्या. एसटी महामंडळानं 17 मार्च 2023 पासून महिलांना राज्यात अर्धं तिकीट केलं आहे, याची त्यांना कल्पना नव्हती. कंडक्टरनं न विचारताच दोन अर्धी तिकिटं हातावर ठेवली. दोघींना हसू आवरेना. अर्ध्या तिकिटावर त्या शेवटच्या बसल्या होत्या त्या फ्रॉक घालायच्या वयात!

कोकण किनाऱ्याचा नकाशा पाहिला तर खाड्यांनी रस्त्याचे तुकडे केलेले दिसतात. एक बस खाडीपर्यंत जाते, मग फेरीबोट आणि पलीकडे दुसरी बस. मुरूडजवळच्या आगरदांड्याहून बोटीनं दिघी, पुढे श्रीवर्धन. हे पेशवे बाळाजी विश्वनाथ भट यांचं गाव. हरिहरेश्वरजवळ बागमांडल्याहून सावित्रीची खाडी ओलांडली की वेसवी. दाभोळला वाशिष्ठी आणि जयगडला शास्त्री. प्रत्येक पाण्यावर थोरली हात जोडायची. नदी कोणती हे आधी विचारायची, मगच नमस्कार. नर्मदेकाठची सवय ती!

प्रवासात त्यांच्या भाषेनंही गंमत केली. “पुढची बस किती वाजता भेटेल?” असं धाकटीनं विचारलं, तेव्हा एका घरगुती खाणावळीच्या मालकीणबाई म्हणाल्या, “अहो, बस मिळते. भेटतात ती माणसं.” धाकटी थोडी ओशाळली. पण त्याच बाईंनी दोघींसाठी मुद्दाम गरम पोळ्या केल्या. दोन्ही वेळा भात खाऊन जबलपूरच्या पोटाला चैन पडत नाही, हे त्यांनी न सांगताच ओळखलं होतं.

बाणकोट खाडीच्या पलीकडचं वेळास हे छोटंसं गाव. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं इथल्या वाळूत अंडी घालतात. 2002 सालापासून ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या चिपळूणच्या संस्थेनं गावकऱ्यांच्या मदतीनं त्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं. साधारण फेब्रुवारीपासून पिल्लं बाहेर पडू लागतात. गावातल्या घरांतून पाहुण्यांची सोय होते, कमाईचा वाटा घरच्या बाईच्या हातात येतो. सकाळी तळव्याएवढीही नसलेली पिल्लं पाण्याकडे सरपटत निघालेली पाहून दोघी बराच वेळ बोलल्या नाहीत.

दापोलीच्या स्टँडवर

प्रवासात माणूस कळतो म्हणतात. तीस वर्षांच्या शेजारणीही एकमेकींना पुरत्या कळलेल्या नव्हत्या.

थोरलीची चाल सावकाश. प्रत्येक ठिकाणी बसून पाहायची तिची इच्छा. धाकटीला पुढच्या गाडीची घाई. पैशांचंही कुरबुरीवर आलं होतं. नारळपाण्याचे पैसे दर वेळी थोरलीच पुढे करायची आणि धाकटीला ते उपकार वाटायचे. त्यात धाकटीचा फोन. सकाळी चहा, दुपारी गोळ्या, संध्याकाळी दिवाबत्ती. वरणाला किती शिट्ट्या हेसुद्धा ती बसमधून ओरडून सांगत असे.

दापोलीच्या स्टँडवर दाभोळच्या गाडीची वाट पाहताना थोरली बोलून गेली, “तू इथं आहेस कुठे? तू तर अजून स्वयंपाकघरातच आहेस.”

धाकटीचा तोल गेला. “तुला काय जातंय बोलायला! तुझ्या मागं वाट पाहणारं कुणी राहिलंय का?”

शब्द सुटले. गाडी आली. दोघी एकाच बाकावर बसल्या, पण दाभोळ येईपर्यंत एक अक्षर बोलल्या नाहीत. फेरीबोटीवर वाऱ्यात उभं असताना धाकटी रडवेली होऊन म्हणाली, “ताई, चुकलं माझं. मी तसं बोलायला नको होतं.”

थोरली बराच वेळ पाण्याकडे पाहत होती. मग म्हणाली, “बोललीस ते खरंच आहे. तुझा फोन वाजला की मला राग येतो तो त्याचाच. संध्याकाळी सात वाजता माझ्याही हाताला चाळा हवा असतो. कुणाला सांगू, मी पोहोचले म्हणून?” आणि थोडं थांबून, “पण आज तू मला ‘तू’ म्हणालीस. आता परत ‘तुम्ही’वर जाऊ नकोस.”

त्या रात्री गुहागरच्या खोलीत दोघींनी तीन नियम केले. दोघींनी रोज सकाळी सारखेच पैसे एका पाकिटात टाकायचे, सगळा खर्च त्यातूनच. एक दिवस एकीनं ठरवायचं, दुसऱ्या दिवशी दुसरीनं, आणि दुसरीनं तोंड वाकडं करायचं नाही. घरी फोन दिवसातून एकदाच, रात्री. त्यात थोरलीनंही पुण्याला मुलाला फोन करायचा, त्याची वाट न पाहता.

वस्तीच्या गाडीची ऊब

त्यानंतरचे दिवस हलके गेले. जयगडची खाडी ओलांडून गणपतीपुळे, मग शेजारचं मालगुंड. मालगुंड हे केशवसुतांचं जन्मगाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. तो दिवस धाकटीचा होता आणि घाई करणारी धाकटीच तिथे दीड तास रेंगाळली. रत्नागिरीला ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा. शेवटी मालवण आणि शिवाजी महाराजांचा सिंधुदुर्ग.

एका खेड्यात त्यांना वस्तीची गाडी कळली. दिवसाची शेवटची एसटी गावात मुक्कामाला येते, चालक-वाहक तिथेच झोपतात आणि पहाटे पहिली फेरी घेऊन निघतात. अंधारात गाडीच्या दिव्यांच्या उजेडात कोळणी टोपल्या घेऊन चढल्या, शाळकरी मुली चढल्या, तालुक्याच्या दवाखान्यात निघालेली एक म्हातारी चढली. प्रत्येकीला कंडक्टर नावानं ओळखत होता. या दोघींनाही जागा करून देण्यात आली. अर्ध्या तिकिटानं कितीतरी बायकांची बाजारहाटाची नि माहेरची वाट सोपी केली आहे, हे त्या गाडीत वेगळं सांगावं लागलं नाही.

नवव्या दिवशी मालवणच्या किनाऱ्यावरून धाकटीनं सासूबाईंना फोन लावला. “चाखलं हो. मिठाच्या खड्यापेक्षा कडू आहे!” पलीकडून खुदकन हसू आलं आणि मग नेहमीच्या सुरात, “चहा आता हा बरा करतो. साखर जास्त घालतो एवढंच.”

परतल्यावर घर जसंच्या तसं होतं. नवऱ्यानं गोळ्यांचा तक्ता भिंतीला चिकटवला होता, तो अजून आहे. सकाळचा एक चहा त्याच्याकडेच राहिला आहे, बाकी कामं पुन्हा धाकटीकडे आली. थोरलीच्या मुलाला आईचा रात्रीचा फोन ठरल्या वेळी येऊ लागला. दोघींच्या पाकिटात मिळून 4,000 रुपये उरले होते. ते वाटून घ्यायचे की नाही यावर वाद झाला. तो थोरलीचा दिवस होता, त्यामुळे वाटले गेले नाहीत.

आता गल्लीतल्या आणखी तिघीजणी विचारतात, किती खर्च आला, खोल्या कशा मिळाल्या, रात्री भीती वाटली का? त्यांना दोघी सगळं सांगतात. सामान उचलता येईल तेवढंच न्या, दिवसाउजेडी मुक्कामाला पोहोचा, फेरीबोटीची आणि शेवटच्या गाडीची वेळ आधीच विचारा. पण थोरली एक गोष्ट आवर्जून सांगते. मैत्रिणीबरोबर जायचं तर पहिल्या दिवशीच पैशांचं आणि फोनचं बोलून घ्या. आणि भांडण झालंच, तर घाबरून परतू नका. पुढच्या गाडीत शेजारीच बसा.

उरलेले 4,000 रुपये त्याच पाकिटात आहेत. पुढच्या वेळी वेंगुर्ल्यापासून खाली कारवारपर्यंत जायचं घाटत आहे. मुक्काम कुठे कुठे करायचे, ते अजून ठरलेलं नाही. रात्री दोघी बसून ठरवतील.