परत फिरायची वेळ

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर. महाराष्ट्रात त्याहून उंच काही नाही. कॅलिफोर्नियातल्या हॉर्सशू मेडोजला गाडी लावायची जागाच साधारण ३,०५० मीटरवर आहे. म्हणजे एका कळसूबाईवर जवळजवळ दुसरी कळसूबाई ठेवायची, आणि मग चालायला सुरुवात करायची.

हे सिएरा नेवाडा डोंगररांगेच्या दक्षिण भागातलं एक मोठं कुरण. खाली लोन पाइन नावाचं छोटं गाव आहे. तिथून घाटरस्ता वळणं घेत वर चढतो आणि फॉक्सटेल पाइनच्या झाडांत येऊन संपतो. माउंट व्हिटनीची प्रसिद्ध वाट जवळच्याच दुसऱ्या रस्त्याने जाते, त्यामुळे गर्दी तिकडे वळते. इकडे बऱ्यापैकी शांतता.

ऑगस्टमध्ये बाबा नाशिकहून येतायत. वय ६१, बीपीची एक गोळी सुरू, आणि नवरात्रात कळसूबाई चढायचा नेम अजून मोडलेला नाही. त्यांना कुरणाचा फोटो पाठवला तर लगेच फोन आला, "अरे, हे तर पठार आहे. इथं चढायचं काय?"

खरी अडचण तीच आहे. जागा सपाट दिसते. तिथून कॉटनवुड लेक्सपर्यंत जाऊन यायला १६-१७ किलोमीटर चालायचं, पण चढ जेमतेम ३००-४०० मीटरचा. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे फिरायला जाण्यासारखं वाटणार. कारण आपल्याकडे दमवतो तो चढ, ऊन आणि दमट हवा. इथे दमवते ती विरळ हवा. ३,००० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ७० टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. लोन पाइनहून गाडी तासाभरात जवळपास १,९०० मीटर वर नेते. शरीराला सावरायला मात्र दिवस लागतात. रोज जिमला जाणाऱ्यालाही यात सूट नाही.

म्हणून आमच्या एक्सेल शीटमध्ये पहिला कॉलम अंतराचा नाही, रात्री कुठे झोपायचं त्याचा आहे. पहिली रात्र लोन पाइनला, १,१०० मीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी वर जायचं, कुरणात दोन-तीन तास रमतगमत फिरायचं आणि झोपायला परत खाली. तिसऱ्या दिवशी पहाटे निघून तळी. वर मुक्काम नाही, त्यामुळे परमिट लागत नाही आणि अस्वलांपासून जेवण वाचवायचा जड डबाही पाठीवर नाही. डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, हे नाशिकचे डॉक्टर ठरवतील. गुगल आणि मी नाही.

शीटचा दुसरा भाग लिहायला जास्त वेळ लागला. आमच्या कामात नवीन व्हर्जन लाइव्ह करण्याआधी रोलबॅकचा प्लॅन लिहून ठेवतात. कारण रात्री दोनला सर्व्हर पडल्यावर कुणाचंच डोकं धड चालत नसतं. उंचीवरही तसंच होतं. ज्या डोक्याने "परत फिरू या" म्हणायचं, त्यालाच ऑक्सिजन कमी मिळत असतो. शिवाय 'थोडंच राहिलंय' हे आपल्या ट्रेकमधलं सगळ्यात लाडकं वाक्य.

मग अटी लिहिल्या. दुपारी बारा वाजता जिथे असू तिथून मागे, कारण उन्हाळ्यात या डोंगरांत दुपारनंतर विजा पडतात. डोकं दुखतंय आणि जेवणही नको वाटतंय, तर एक पाऊलही वर नाही. बसूनही बरं वाटलं नाही, तर खाली. टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत चालताना तोल गेला, किंवा नुसतं बसलेलं असताना धाप लागली, तर लगेच गाडीत आणि लोन पाइन.

बाबांनी विचारलं, "शिखर नाहीच का एखादं?" तळ्यांच्या मागे माउंट लँगली आहे, सुमारे ४,२७५ मीटर. त्याची गोष्ट सांगितली. १८७१ मध्ये क्लॅरेन्स किंग हा भूगर्भशास्त्रज्ञ ढगांतून लँगलीवर चढला आणि आपण माउंट व्हिटनीवर पोचलो असं समजून परतला. चूक उघडकीला आली १८७३ मध्ये. तो पुन्हा येऊन खऱ्या व्हिटनीवर चढला, पण त्याच्या आधी, त्याच उन्हाळ्यात, लोन पाइनचे तीन मासेमार तिथे जाऊन आले होते. हाच किंग पुढे अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचा पहिला संचालक झाला. बाबा खूप हसले. शिखराचा विषय तिथेच संपला.

मला खरी भीती हवेची नाहीच. बाबा मला सांगणार नाहीत, याची आहे. लहानपणी बारी गावातून वर जाताना मी दमलो की ते बुटाची लेस बांधायला बसायचे. स्वतः दमल्याचं मात्र त्यांनी कधी म्हटलेलं आठवत नाही. म्हणून शेवटची अट अशी: दोघांपैकी एकजण "परत" म्हणाला की दोघंही परत. कारण विचारायचं नाही.

शीट पाठवल्यावर बराच वेळ दोन निळ्या टिका नुसत्या दिसत होत्या. मग व्हॉइस नोट आली.

"सगळं ठीक आहे. फक्त एक सांग, तुझं डोकं दुखलं तर तू सांगशील का मला?"

उत्तर टाइप करायला मला वेळ लागला. शीटमध्ये प्रत्येक अटीपुढे मी फक्त बाबांचं नाव लिहिलं होतं. आता तिथे दोन नावं आहेत.